एक दिवसाचा पगार

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात १९९३ साली मी पगार विभागात नवी होते. पगार तेव्हा रोखीने होत असे. खाकी पाकिटात नोटा, वर कपातीची चिठ्ठी, खिडकीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे रांग. त्या नोव्हेंबरात दिवाळी आठवड्यावर आली होती आणि रांगेत नेहमीपेक्षा जास्त गलबला होता. एक कामगार पाकीट घेऊन बाजूला गेला, पैसे मोजले, चिठ्ठी वाचली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने चिठ्ठीतल्या एका रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, माझा एक दिवस कुठं गेला?"

मी सांगितलं, भूकंपग्रस्तांसाठी सगळ्यांचाच एक दिवसाचा पगार कापला आहे.

तो उमरगा तालुक्यातला होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर काही तासांतच किल्लारी-सास्तूरचा पट्टा कोसळला, तेव्हा मिळेल त्या गाडीने तो गावी गेला होता. नऊ दिवस ढिगारे उपसून परत आला होता. ते नऊ दिवस मीच मस्टरवर बिनपगारी लावले होते आणि दहावा भूकंपग्रस्तांसाठी कापला होता. तो चिडला नाही. "मग तो मलाच द्या की," एवढंच म्हणाला, जरा थांबला आणि निघून गेला.

पुढे कारखान्याचा अडतीस हजारांचा धनादेश मदतनिधीला गेला. देतानाचा फोटो चौकट करून स्वागतकक्षात लागला. फलकावर लिहिलं होतं : 'शंभर टक्के सहभाग.' आकड्यांनी पाहिलं तर इतकी यशस्वी मोहीम त्या कारखान्यात पुन्हा झाली नाही. कामाच्या ठिकाणी दानासाठी पैसे गोळा करणं यशस्वी झालं असं कधी म्हणायचं, हा प्रश्न मला तिथून चिकटला. संशोधनाचं शिक्षण माझ्याकडे नाही. पगारपत्रकं करता करता जे कायदे, निकाल आणि अहवाल हाती लागले ते वाचत गेले आणि स्वतः तीनदा अशी मोहीम चालवून पाहिली. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे.

पहिला धक्का कायद्याने दिला. त्या वेळी लागू असलेला वेतन प्रदान अधिनियम १९३६ चा. कामगाराच्या पगारातून काय काय कापता येईल याची यादीच त्याच्या सातव्या कलमात आहे. दंड, गैरहजेरी, उचल, घरभाडं, भविष्यनिर्वाह निधी अशी ती लांबत जाते. दानाचा उल्लेख अगदी शेवटी येतो : पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेला दुसरा निधी, आणि तोही कामगाराने लेखी अधिकार दिला असेल तरच. ज्यांचा पगार कायद्याच्या मर्यादेत बसत होता त्यांचा एक दिवस फलकावरच्या सूचनेने कापण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. हे मला १९९३ मध्ये माहीत असतं तर मी बोलले असते का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नसते बोलले. नोकरीला आठ महिने झाले होते.

मराठीत या व्यवहाराला तीन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते सैलपणे वापरतो. देणगीत द्यायचं की नाही आणि किती, हे देणारा ठरवतो. वर्गणीत रक्कम मंडळी ठरवतात आणि आपल्याला मंडळींत राहायचं असतं. कपातीत देणाऱ्याला नंतर कळतं. कामाच्या ठिकाणची बहुतेक मोहीम देणगी म्हणून जाहीर होते, नावांची यादी फिरली की वर्गणी होते आणि पगारपत्रकात शिरली की कपात. माणसं तीच, कारणही तेच चांगलं. फरक पडतो तो 'नाही' म्हणायला किती जागा उरली, याने.

आपल्याकडे थोडं थोडं जमवण्याची परंपरा जुनी आहे. बाजारपेठेत बिलावर 'धर्मादा' म्हणून छोटी रक्कम लावण्याची रीत होती. ती व्यापाऱ्याचं उत्पन्न धरून तिच्यावर प्राप्तिकर लावायचा का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की ती रक्कम पहिल्या क्षणापासून धर्मकार्यासाठीच बांधलेली असते, व्यापारी केवळ तिचा वाहक आहे, म्हणून ते त्याचं उत्पन्न नव्हे. हा निकाल करदात्याच्या बाजूने लागला, पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. करासाठी जो पैसा व्यापाऱ्याचा नाही, तो मिरवण्यासाठीही त्याचा नाही. कामगारांचे पैसे गोळा करून कंपनीच्या नावाने भलामोठा पुठ्ठ्याचा धनादेश देताना फोटो निघतो तेव्हा रांगेतला माणूस नेमकं हेच पुटपुटत असतो.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची गोष्टही इथे आठवते. माणशी वर्षाला एक पैसा मागायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, ही कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. त्याच वर्षी गोव्यात पणजीला मुष्टिफंड संस्था सुरू झाली. तिच्या नावातच मूठभर धान्य आहे. एक पैसा किंवा एक मूठ मागण्यात एक शहाणपण होतं. रक्कम इतकी लहान ठेवायची की गरिबाला कमी दिल्याची लाज वाटू नये आणि श्रीमंताला जास्त दिल्याचा तोरा मिरवता येऊ नये. 'एक दिवसाचा पगार' वरवर समान वाटतो. प्रत्यक्षात ज्याच्या पगारातून उचल, पतपेढीचा हप्ता आणि बिनपगारी रजा आधीच वजा झालेली असते, त्याचा दिवस साहेबाच्या दिवसापेक्षा फार महाग असतो. हे पगारपत्रक भरणाऱ्याइतकं कुणाला दिसत नाही.

दबाव किती काम करतो, हे मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेतल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी केला. डेला विन्या, लिस्ट आणि माल्मेंडिअर यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकागोजवळच्या वस्त्यांत घरोघरी निधी मागायला माणसं पाठवली. काही घरांच्या दाराला आदल्या दिवशी चिठ्ठी अडकवली : उद्या अमुक वेळेत आम्ही येऊ. त्या घरांत दार उघडण्याचं प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटलं. काही चिठ्ठ्यांवर 'आम्हाला त्रास देऊ नका' अशी खूण करायची चौकट ठेवली, तिथे मिळणारं दान २८ ते ४२ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे जमणाऱ्या पैशातला मोठा भाग समोरच्या माणसाला नाही म्हणवत नाही म्हणून येत होता. अनोळखी माणूस दारात उभा असताना हे होतं, तर आपली रजा मंजूर करणारा माणूस पावती पुस्तक घेऊन मशीनशेजारी उभा राहिला की काय होत असेल?

मला सगळ्यात उपयोगी पडलेला कागदही अमेरिकेतलाच. तिथल्या केंद्र सरकारी नोकरांमध्ये दरवर्षी एक एकत्रित निधीसंकलन चालतं, कंबाइन्ड फेडरल कॅम्पेन. १९६१ मध्ये केनेडींनी काढलेल्या आदेशातून त्याची बांधणी झाली. मुलकी, टपाल आणि लष्करी असे सगळे नोकर त्यात येतात. या मोहिमेच्या नियमांत सक्ती टाळण्याचं एक वेगळं कलम आहे. वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या माणसाकडे निधी मागायचा नाही. तू दिलेस का, किती दिलेस, असं विचारायचं नाही. माणशी रकमेचं उद्दिष्ट ठरवायचं नाही. न देणाऱ्यांच्या याद्या करायच्या नाहीत. आणि जे वाचून मी खुर्चीत सरळ बसले ते असं : शंभर टक्के सहभागाचं उद्दिष्ट ठेवायलाच मनाई आहे. आमच्या स्वागतकक्षात जे चौकटीत लावलं होतं, ते तिथे नियमभंगात मोडलं असतं.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात धसाला लागला तो केरळमध्ये. २०१८ च्या महापुरानंतर तिथल्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार दहा हप्त्यांत देण्याचं आवाहन केलं. ज्यांना द्यायचं नसेल त्यांनी तसं लिहून द्यावं, अशी अट होती. उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. आपली द्यायची इच्छा नाही असं जाहीर करून माणसाने स्वतःला कमीपणा का आणून घ्यावा, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. पुराची निकड खरी होती, सरकारला पैशाची गरज होती, तरीही गप्प बसलेल्या माणसाचा होकार गृहीत धरता येणार नाही, हे त्यातून निघालं. 'नाही' लिहून द्यावं लागणं हाच दबाव आहे.

इथे एक अडचण येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये १९८७ पासून पगारातून दान देण्याची सरकारमान्य पद्धत आहे. कर मोजण्याआधीच रक्कम वळती होते. तिथल्या बिहेविअरल इनसाइट्स टीमने २०१३ मध्ये काही प्रयोगांचा अहवाल काढला. एका कंपनीत आधीच दान देणाऱ्यांपुढे असा फॉर्म ठेवला की खूण केली तर त्यांची रक्कम दरवर्षी तीन टक्के वाढेल. सहा टक्के लोकांनी खूण केली. नंतर फॉर्म उलटा केला : वाढ गृहीत, नको असेल तर खूण करा. तेव्हा ४९ टक्के लोकांची रक्कम वाढू लागली. म्हणजे केरळमध्ये जे न्यायालयाला खटकलं, तेच इथे यशाचं तंत्र म्हणून नोंदलेलं आहे. मी यावर बरेच दिवस घोटाळत होते. माझ्या मते फरक असा की ब्रिटनमधली माणसं आपण होऊन आत आलेली होती. वाढ लहान होती आणि खूण करायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. केरळमधल्या कर्मचाऱ्याला आत यायचं की नाही हेच विचारलं नव्हतं. पहिला होकार माणसाने स्वतःच्या हाताने लिहायला हवा. त्यापुढच्या सोयी कितीही सुटसुटीत केल्या तरी माझी हरकत नाही.

त्याच अहवालातले आणखी दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. लंडनला डॉइश बँकेत एक दिवसाचा पगार द्यायचं आवाहन झालं. साध्या ईमेलला पाच टक्के लोकांनी प्रतिसाद दिला. दारात मिठाईची पुडी हातात ठेवली तेव्हा ११ टक्के, वरिष्ठांनी नाव घालून पत्र लिहिलं तेव्हा १२ टक्के आणि दोन्ही केलं तेव्हा १७ टक्के. एका दिवसात पाच लाख पौंड जमले. लक्षात घ्या, हा गाजलेला प्रयोग आणि त्यात ८३ टक्के लोकांनी काही दिलं नाही. दुसऱ्या प्रयोगात कर खात्याच्या एका कचेरीत आधीपासून दान देणाऱ्या सहकाऱ्याने बाकीच्यांना पत्र पाठवलं. पत्रात त्याचा फोटो नव्हता तेव्हा २.९ टक्के लोक सामील झाले, फोटो होता तेव्हा ६.४ टक्के. ओळखीचा चेहरा निम्म्याहून जास्त काम करतो. मात्र तो चेहरा बरोबरीच्या माणसाचा हवा.

हे आकडे मला फार उशिरा मिळाले. त्याआधी आम्ही आपल्या चुकांतून जायचे तेवढे गेलो होतो. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा मी पगार विभागात जरा बोलण्याच्या जागी होते. किल्लारीची आठवण ठेवून मी आग्रह धरला की कपात नको, याद्या नकोत, कॅन्टीनच्या दाराशी कुलूपबंद पेटी ठेवू. संपूर्ण स्वातंत्र्य. साडेसहाशे माणसांच्या कारखान्यात पंधरा दिवसांनी पेटीत चार हजार रुपयेही निघाले नाहीत. एक कामगार म्हणाला, "मॅडम, आम्हाला कुणी विचारलंच नाही." पेटी बोलत नाही. सक्ती काढून टाकताना मी विचारणंही काढून टाकलं होतं, आणि दोन्ही एकच आहेत हा माझा समज चुकीचा होता.

तिसरी मोहीम २००९ ची. ती चालली. म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

कशासाठी मागायचं हे कामगारांनीच ठरवलं. तीन कामं समोर होती. मतं पडली ती पेठ तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाला. आमचे बरेच कामगार पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडचे, त्यामुळे ते आश्चर्याचं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सहा जण जाऊन पाहून आले. मुली एकशे दहा, संडास चार, त्यांतल्या दोनांना दार नाही. संध्याकाळनंतर मुली पाणी पीत नाहीत, म्हणजे रात्री बाहेर जायला नको, हे तिथल्या स्वयंपाकीण मावशींनी सांगितलं. परत आल्यावर त्या सहा जणांनी जेवणाच्या सुट्टीत हे एवढंच सांगितलं. मी एक पत्रक तयार केलं होतं, छान छापलेलं. ते कुणी वाचलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

विचारायचं कुणी? प्रत्येक विभागातून एक, असे बावीस जण निवडले. सुपरवायझर, फोरमन, कार्मिक विभाग यांतलं कुणी नको ही पहिली अट. युनियनच्या पदाधिकाऱ्यांनाही आम्ही हात जोडून बाजूला ठेवलं, कारण दबाव तिकडूनही येतो. ते थोडे रुसले, पण सूचनेवर युनियनची सही झाली, आणि ती नसती तर अर्धा कारखाना हललाच नसता. बावीस जणांना नियम एकच दिला होता : समोर बसून एकदा विचारा, दुसऱ्यांदा विचारू नका.

पैसे कसे घ्यायचे यात सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि आमचं यश त्याच कारकुनी कामात होतं असं मला अजून वाटतं. तोवर पगार बँकेत जमा होत होता. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेने त्याच शाखेत खातं उघडलं. प्रत्येकाला एकसारखं पाकीट दिलं. आत बँकेचा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनचा फॉर्म : दरमहा माझ्या खात्यातून इतके रुपये त्या खात्यात वळते करा. द्यायचे असतील त्याने भरून सही करायची, नसतील त्याने कोराच ठेवायचा, पण पाकीट चिकटवून सगळ्यांनी पेटीत टाकायचं. पेटी सरळ बँकेत गेली आणि पाकिटं तिथे फुटली. कुणी भरलं, कुणी कोरं ठेवलं, हे कारखान्यात कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. पगारपत्रकात एक रकाना वाढला नाही. थांबायचं असेल त्याने बँकेत जाऊन एक ओळ लिहून द्यायची.

पाकिटं सहाशेवर परत आली. भरलेले फॉर्म २३८ निघाले. कुणाचे वीस रुपये, कुणाचे पन्नास, थोड्यांचे शंभर, मिळून महिन्याला साडेनऊ हजारांच्या आसपास. "निम्मेसुद्धा नाहीत?" असं वरच्या मजल्यावर विचारलं गेलं. मी १९९३ चा आकडा काढून शेजारी ठेवला. शंभर टक्के सहभागातून एकदाच अडतीस हजार आले होते. इथे चौथ्या महिन्यातच ती रक्कम गाठली जाणार होती. रुपयाचं मोल सोळा वर्षांत उतरलं होतं हे खरं, पण इथे पाचवा महिनाही येणार होता.

कंपनीने तेवढीच रक्कम घालायचं कबूल केलं. एका साहेबांना उत्साहाने दुप्पट घालायची होती. कार्लन आणि लिस्ट या अभ्यासकांनी २००७ मध्ये दाखवलं आहे की जोड देणगी जाहीर केल्याने जमणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढते, पण जोड एकास एक असो की एकास तीन, त्याने फरक पडत नाही. तेव्हा बरोबरीचं पुरे होतं. कंपनीने आपली रक्कम आपल्या खात्यातून, वेगळ्या धनादेशाने दिली आणि बँकेकडून तिला फक्त महिन्याची बेरीज कळत असे, नावं नाहीत. आता सामाजिक दायित्वाचा दोन टक्क्यांचा कायदा आल्यापासून तर ही दोन खाती कटाक्षाने वेगळी ठेवायला हवीत. कामगाराचे वीस रुपये कंपनीच्या कर्तव्यात मोजले जात आहेत असा नुसता संशय आला तरी मोहीम आटोपते. ८० जीच्या करसवलतीबद्दल फारसं लिहीत नाही. आमचे बहुतेक देणारे कर भरण्याइतके कमावत नव्हते, आणि आता नव्या करपद्धतीत ही वजावट मिळतही नाही.

केव्हा मागायचं, हे पुस्तकात सापडत नाही, पगार विभागात सापडतं. जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि शाळेची फी. भाद्रपदात गणपती. दिवाळीत बोनस असतो म्हणून मोहिमा हमखास तेव्हा काढतात, पण बोनसचा पैसा येण्याआधीच खर्च झालेला असतो आणि तो मागणाऱ्याबद्दल मनात आढी बसते. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, आणि उचलीचे अर्ज सगळ्यांत जास्त तेव्हाच येतात. वेतनकराराच्या बोलण्यांच्या काळात तर तोंडही उघडू नये. उरतात जानेवारी-फेब्रुवारी. आम्ही फेब्रुवारी धरला. दिवसही दहा तारखेनंतरचा, कारण पगाराच्या दिवशी माणूस हिशेबात असतो.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कंत्राटी कामगार आमच्या पगारपत्रकावर नव्हते, म्हणून त्यांना पाकिटं दिली नव्हती. झाडलोट करणाऱ्या एक बाई माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "आमचे दहा रुपये चालत नाहीत का?" त्यांचा पगार सगळ्यांत कमी, म्हणून त्यांना विचारलं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि ते किती वाईट ऐकू येईल हे लक्षात आल्यावर मिटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनाही पाकिटं गेली. ज्यांचं त्या बँकेत खातं नव्हतं त्यांच्यासाठी कॅन्टीनमध्ये संस्थेचं पावती पुस्तक ठेवलं. माणसावर सक्ती करण्याने जसा त्याचा अपमान होतो, तसा त्याला वगळण्यानेही होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

हिशेब दर तीन महिन्यांनी कॅन्टीनच्या फलकावर लागे, बिलांच्या झेरॉक्ससकट. पहिल्या वर्षात सहा संडास, पाण्याची टाकी आणि आवारातले दिवे झाले. दुसऱ्या वर्षी आम्ही सौरबंब बसवला आणि तोंडावर आपटलो. पेठला पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. जून ते सप्टेंबर पाणी कोमटसुद्धा होईना. हे त्या स्वयंपाकीण मावशींना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. आम्ही विचारलं होतं फक्त विक्रेत्याला. फलकावर काय लिहायचं यावर बावीस जणांत वाद झाला. काहींचं म्हणणं, हे लावलं तर लोक पैसे थांबवतील. शेवटी लावलं : बंबाची किंमत, काय चुकलं, आणि लाकडावर चालणारा बंब घ्यायला आणखी किती लागतील. त्या तिमाहीत बँकेकडून कळलं की नऊ जणांनी थांबवलं आणि चौदा नवे आले. त्या दोन आकड्यांचा बंबाशी संबंध होता का, हे मी सांगू शकत नाही. पुढे वेतनकरार ताणला गेला त्या वर्षी मात्र बरीच माणसं गळाली. तरी मी नोकरी सोडली तेव्हा दीडशेच्या वर चालू होते आणि त्यांना कुणी पुन्हा विचारलेलं नव्हतं.

उमरग्याकडचा तो कामगार २००९ मध्येही कारखान्यातच होता, पेंट शॉपमध्ये. त्याला त्याच्या विभागातल्या मुलाने विचारलं तेव्हा मी योगायोगाने कॅन्टीनमध्ये होते. त्याने पाकीट घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीला जाताना माझ्यादेखत पेटीत टाकलं. आत फॉर्म भरलेला होता की कोरा, मला माहीत नाही.